ओसायरिस राजा होता का? इजिप्तचे देव, राजे आणि पुरावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तूरीनच्या संग्रहालयात इजिप्तच्या राजांची पपायरसवर लिहिलेली यादी आहे. तीत आधी गेब, ओसायरिस, सेथ, होरस, थोथ अशा देवांची नावे येतात, त्यांची राज्यवर्षेही दिलेली आहेत, आणि त्यानंतर मेनेसपासून माणसांची राज्ये सुरू होतात. तर मग ओसायरिस आणि होरस मुळात खरे राजे होते आणि त्यांना पुढे देवपण मिळाले, असे म्हणता येईल का? मेनेस तरी खरा का? आणि जे फॅरो स्वतःलाच देव म्हणवतात, त्यांच्या शिलालेखांवर किती भरवसा ठेवायचा?

आधी निकाल सांगून टाकतो. ओसायरिस कधीकाळी राजा होता याला पुरावा नाही. उलट, त्याची राजा ही कथा नंतर रचली गेली असे मानायला चांगली कारणे आहेत. मेनेस या नावामागे खरा माणूस बहुधा आहे, पण तो हयात असताना वेगळ्या नावाने मिरवत होता. फॅरोंच्या शिलालेखांचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे लांबलचक लिहितो आहे.

तूरीनच्या यादीपासून सुरुवात करू. ती रामसेस दुसरा याच्या काळातली, म्हणजे इ.स.पू. तेराव्या शतकातली. कुणा लेखनिकाने करवसुलीच्या जुन्या नोंदवहीची मागची कोरी बाजू वापरून ती उतरवली. १८२४ साली इजिप्तची चित्रलिपी उलगडणाऱ्या शांपोलियोंच्या हाती ती आली तेव्हा तिचे तुकडे तुकडे झालेले होते, आणि ते जुळवण्याचे काम अजून चालूच आहे. मला ही यादी आवडते, कारण ती कुठल्याही देवळासाठी लिहिलेली नाही. इजिप्तवर राज्य केलेले परकीय हिक्सोस राजेही तीत आहेत. फक्त त्यांच्या नावांभोवती राजचौकट, म्हणजे राजाच्या नावाभोवती काढायची लांबट चौकट, नाही, आणि नावापुढे परक्याचे चिन्ह लावले आहे. न आवडणारा राजाही गाळायचा नाही, हे त्या लेखनिकाचे किंवा त्याच्यासमोरच्या मूळ प्रतीचे धोरण दिसते.

आता हिच्याशेजारी अबायडोसची यादी ठेवा. सेती पहिला याच्या देवळात भिंतीवर ७६ नावे कोरलेली आहेत, मेनीपासून (हाच मेनेस) थेट सेतीपर्यंत. तीत हिक्सोस नाहीत, हात्शेप्सुत नाही, जुने देव बाजूला सारणारा अखेनातेन नाही आणि तुतनखामेनही नाही. भिंतीवर सेती आणि लहानगा राजपुत्र रामसेस या पूर्वजांपुढे उभे आहेत. ही पितरांना नैवेद्य पोचवण्याची यादी आहे. ज्याला नैवेद्य द्यायचा नाही त्याचे नाव तिथे येत नाही, इतके ते सरळ आहे. तुतनखामेनची कबर १९२२ साली जवळजवळ जशीच्या तशी सापडली, पण या भिंतीवर विश्वास ठेवला तर तो जन्मालाच आला नव्हता.

म्हणून कुठलीही यादी, कथा किंवा शिलालेख समोर आला की मी पहिल्यांदा एवढेच पाहतो: हे लिहिले कधी, कशासाठी, आणि ज्या राजाबद्दल लिहिले आहे त्याच्या हयातीतली एखादी क्षुल्लक वस्तू याला दुजोरा देते का. क्षुल्लक हा शब्द मुद्दाम वापरला. तेलाच्या बुधल्याला बांधलेली हस्तिदंती चिठ्ठी, मडक्याच्या तोंडावरच्या चिखलावर उठलेला शिक्का, बोटीवरच्या मुकादमाचा रोजचा हिशेब यांना कुणाला देव करायचे नसते. मराठी इतिहास वाचणाऱ्याला ही रीत ओळखीची वाटेल. बखर आणि अस्सल पत्र यांत राजवाडे कशाला वरचे पान देत, हे त्याला ठाऊक असते. इजिप्तमध्ये अडचण एवढीच की बखरी दगडात कोरलेल्या, शंभर फूट लांब आणि अतिशय देखण्या आहेत, आणि अस्सल पत्रे बोटभर चिखलाच्या गोळ्यांवर आहेत.

मेनेसचे प्रकरण या गोळ्यांनीच बरेचसे सोडवले. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने त्याला मिन म्हटले आणि नाईलला बांध घालून मेम्फिस वसवल्याचे श्रेय दिले. इ.स.पू. तिसऱ्या शतकात ग्रीकमध्ये इजिप्तचा इतिहास लिहिणारा पुजारी मॅनेथो सांगतो की त्याला पाणघोड्याने मारले. पण हे दोघेही त्या राजापासून अडीच हजार वर्षांहून जास्त दूर आहेत. मॅनेथोने राजांची जी घराणी पाडली त्यांतल्या पहिल्या घराण्याच्या काळातल्या वस्तूंमध्ये मेनेस नावाचा राजा निर्विवादपणे कुठेच दिसत नाही. नकादाला सापडलेल्या एका चिठ्ठीवर तशी अक्षरे आहेत, पण ती राजाचे नाव आहेत की दुसऱ्या कशाचे, यावर शंभर वर्षे वाद चालू आहे. मग अबायडोसजवळच्या उम्म अल-काब या राजांच्या दफनभूमीत जर्मन पुरातत्त्वज्ञांना देन आणि का या राजांच्या कबरींतून शिक्क्यांचे ठसे मिळाले. त्या शिक्क्यांत राजांची नावे क्रमाने आहेत: नार्मर, आहा, जेर, जेत, देन, आणि दुसऱ्या ठशात पुढे अनेजिब, सेमेरखेत आणि का. म्हणजे पहिल्या घराण्याच्या कारकुनांच्या लेखी पहिला राजा नार्मर होता. पुढच्या याद्यांनी राजांची वेगळ्या प्रकारची नावे वापरली, त्यामुळे मेळ बसत नव्हता. मेनेस म्हणजे नार्मर, असे आज बहुतेकजण मानतात. आहाच्या बाजूने बोलणारेही आहेत. माझे मत नार्मरकडे झुकते. पण बांध, मेम्फिस आणि पाणघोडा हे तिन्ही त्याच्या खात्यावर मांडायला माझी तयारी नाही.

नार्मरची ती प्रसिद्ध पाटी सर्वांनी पाहिलेली असते. ती १८९७-९८ च्या हंगामात हायराकोनपोलिसला सापडली. राजाने एका हाताने शत्रूचे केस धरले आहेत आणि दुसऱ्या हाताने गदा उगारली आहे. उत्तर आणि दक्षिण अशा दोन इजिप्तच्या एकीकरणाच्या लढाईचे हे चित्र, असे पाठ्यपुस्तकांत छापलेले असते. पण हीच मुद्रा त्याच गावातल्या एका रंगवलेल्या कबरीत नार्मरच्या कित्येक पिढ्या आधी दिसते, आणि एस्नाच्या देवळाच्या भिंतींवर रोमन सम्राटही याच पवित्र्यात उभे आहेत. साडेतीन हजार वर्षे टिकलेली मुद्रा एका लढाईचा वृत्तांत कसा ठरेल? तरीही तो प्रसंग पूर्ण काल्पनिक म्हणून टाकून देऊ नका. उम्म अल-काबला १९९० च्या दशकात नार्मरची एक हस्तिदंती चिठ्ठी मिळाली. पपायरसची झुडपे डोक्यावर असलेल्या शत्रूवर नार्मर प्रहार करतो, असे तिच्यावर दाखवले आहे. अशा चिठ्ठ्या मालाचे वर्ष कळावे म्हणून बांधत, आणि वर्षाला त्या वर्षीच्या घटनेचे नाव देत. तेलाच्या बुधल्यावर ती घटना आली, म्हणजे पपायरस उगवणाऱ्या उत्तरेकडच्या दलदलीच्या प्रदेशात काहीतरी झाले होते. चित्राची ठेवण मिथकाची, घटना बहुधा खरी. दोन्ही एकत्र राहू शकतात, आणि इजिप्तमध्ये बहुतेक वेळा एकत्रच असतात.

आता ओसायरिस. याच उम्म अल-काबला १८९० च्या दशकात फ्रेंच संशोधक अमेलिनो खणत होता. एका मोठ्या कबरीत त्याला काळ्या दगडाची शय्या मिळाली. तिच्यावर ओसायरिस पहुडलेला आणि भोवती ससाणे. अमेलिनोने जाहीर केले की खुद्द ओसायरिसची कबर सापडली, तो माणूस होता आणि इथे पुरला होता. त्याच्या मागोमाग इंग्रज पुरातत्त्वज्ञ पेट्रीने ती जागा पुन्हा नीट तपासली. कबर निघाली जेर राजाची, पहिल्या घराण्यातल्या, सभोवती सेवकांच्या तीनशेहून अधिक छोट्या कबरी असलेली. शय्या तिच्यापेक्षा हजारभर वर्षांनी उशिराची.

घडले ते असे. मध्य साम्राज्याच्या काळात, इ.स.पू. दोन हजारच्या आगेमागे, अबायडोस हे ओसायरिसचे सर्वांत मोठे क्षेत्र झाले होते. देवाची कबर कुठेतरी असायला हवी होती. जुन्या, ओस पडलेल्या राजकबरींपैकी जेरची कबर पुजाऱ्यांनी निवडली, साफ केली आणि आत उतरायला जिना बांधला. दरवर्षी देवळातून तिकडे देवाची मिरवणूक निघे. सेनुस्रेत तिसरा याचा कोषाधिकारी इखेर्नोफ्रेत याने आपल्या शिळेवर ती कशी काढली याचे वर्णन करून ठेवले आहे. ती शिळा आज बर्लिनला आहे. यात्रेकरूंनी वाहिलेल्या मडक्यांच्या खापरांचा थर आजही त्या वाळूवर पसरलेला आहे.

म्हणजे राजाला पुढे देव केले असे इथे झालेले नाही. देव आधी होता, आणि त्याला एका खऱ्या राजाची कबर मागाहून मिळाली. ओसायरिसचे नाव पहिल्यांदा पाचव्या घराण्यात दिसते, म्हणजे जेरनंतर जवळपास सहाशे वर्षांनी. पहिल्या घराण्याच्या त्या शिक्क्यात अबायडोसचा देव आहे तो खेन्तीअमेन्त्यू; ओसायरिसने त्याला नंतर स्वतःत सामावून घेतले. ओसायरिस इतका जुना राजा असता, तर आपल्या पूर्वजांची नावे शिक्क्यावर कोरणाऱ्या या मंडळींना त्याचा पत्ता नसावा, हे पटत नाही. आणि आपल्याला ठाऊक असलेली सलग गोष्ट, म्हणजे सेथ या भावाने पेटीत कोंडलेला दयाळू राजा, समुद्रापलीकडे बिब्लोसला पोचलेली पेटी, शोध घेणारी बायको आयसिस, ही प्लुटार्कने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपास ग्रीकमध्ये सांगितली. इजिप्शियन मजकुरात तिचे तुकडे विखुरलेले मिळतात, पूर्ण कहाणी कुणी एका जागी लिहिलेली नाही. मेलेला राजा म्हणजे ओसायरिस आणि गादीवरचा राजा म्हणजे त्याचा मुलगा होरस, ही राजसत्तेची व्यवस्था होती. ती व्यवस्था मागे नेऊन काळाच्या आरंभी बसवली की यादीत ओसायरिस आणि होरस ‘राजे’ म्हणून येणारच.

होरस आणि सेथ यांच्या भांडणाबद्दल हमखास एक उपप्रश्न येतो: हे उत्तर आणि दक्षिण इजिप्तमधल्या खऱ्या युद्धाचे स्मरण असेल का? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुर्ट झेटेसारख्या मोठ्या विद्वानाने मिथकातून इतिहासपूर्व राज्यांचा आख्खा पट उभा केला होता. त्याला बळ देणारा एक राजाही हाताशी होता. दुसऱ्या घराण्यातल्या पेरिबसेनने आपल्या नावाच्या चौकटीवर होरसचा ससाणा न बसवता सेथचा प्राणी बसवला. त्याच्यानंतरच्या खासेखेमवीने दोघांनाही बसवले. झाले, सेथपंथीयांचे बंड आणि मग समेट, अशी गोष्ट तयार झाली.

मला ही मांडणी कधीच पटली नाही, आणि कारण पुन्हा क्षुल्लक वस्तूंचेच आहे. पेरिबसेन पाखंडी असता तर त्याची आठवण पुसली गेली असती, जशी अखेनातेनची पुसली. प्रत्यक्षात चौथ्या घराण्यातही सक्काराला शेरी नावाचा पुजारी पेरिबसेनच्या पितृपूजेचे काम पाहत होता. खासेखेमवीच्या पुतळ्यांच्या बैठकीवर उत्तरेकडच्या हजारो मारलेल्या लोकांचे आकडे आहेत, तेव्हा त्या काळात लढाई झाली असेल हे मान्य. पण ती देवांमुळे झाली असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. आणि दोन देवांच्या भांडणाची जी लांब, बऱ्यापैकी चावट गोष्ट आपण वाचतो ती रामसेस पाचवा याच्या काळातली, पेरिबसेननंतर दीड हजार वर्षांनी लिहिलेली. तिच्यावरून दुसऱ्या घराण्याचे राजकारण काढू नये.

राजे स्वतःबद्दल काय सांगतात याकडे वळू. अबूसीरला साहुरे राजाच्या पिरॅमिडच्या देवळात, इ.स.पू. पंचविसाव्या शतकात, लिबियन सरदाराला मारण्याचे दृश्य कोरले आहे. बाजूला सरदाराची बायको आणि दोन मुले नावानिशी उभी आहेत. इतका तपशील पाहून कुणीही म्हणेल, हे घडलेले आहे. पण दोनेकशे वर्षांनी पेपी दुसरा याच्या देवळात तेच दृश्य, तेच कुटुंब, तीच नावे. आणि साहुरेनंतर सुमारे अठराशे वर्षांनी नुबियातल्या कावा इथे तहारका राजाच्या देवळात पुन्हा तेच कुटुंब मार खाते आहे. साहुरेनेही ते कुणाकडून उचलले नसेल कशावरून? इथे खोटे बोलण्याचा हेतू शोधू नये. राजा झाला की त्याने लिबियनांना चिरडलेले असायचेच, जसा त्याच्या माथ्यावर मुकुट असायचा. नावानिशी तपशील दिसला की आपण विश्वास ठेवतो; इजिप्तमध्ये ही सवय सोडावी लागते.

कादेशची लढाई मात्र वेगळी, कारण तिथे समोरच्या बाजूचे कागद मिळाले. इ.स.पू. १२७४ च्या सुमारास रामसेस दुसरा आजच्या तुर्कस्तानातल्या हित्तींशी लढला आणि सैन्य पळाल्यावर आपण आमून देवाच्या कृपेने एकट्याने शत्रू उधळला, असे त्याने देवळामागून देवळांवर कोरून ठेवले. हित्तींची राजधानी हत्तुशा इथल्या मातीच्या पाट्या सांगतात की अमुर्रू हा सीमेवरचा प्रदेश हित्तींकडेच राहिला. पंधरा वर्षांनी दोघांनी तह केला. त्याची एक प्रत कर्नाकला आहे, दुसरी हत्तुशाला. लढाई खरी, राजाची एकाकी मर्दुमकी काव्य, विजय बहुतेक नाहीच.

तिसरा प्रकार राजाच्या जन्माचा. वेस्टकार पपायरस या जुन्या कथासंग्रहात अशी कथा आहे की सूर्यदेव रा याच्यापासून एका पुजाऱ्याच्या बायकोला तिळे झाले आणि तेच पाचव्या घराण्याचे पहिले तीन राजे: उसेरकाफ, साहुरे, नेफेरिरकारे. बरेच दिवस निदान ते तिघे भाऊ तरी असावेत, असे इतिहासकारही धरून चालत. मग अबूसीरला साहुरेच्या फरसबंद मार्गावरचे कोरीव दगड मिळाले, आणि त्यांत नेफेरिरकारे साहुरेचा मुलगा म्हणून उभा आहे. देव काढून टाकला की उरते तो इतिहास, हा हिशेब इथे साफ चुकला. या घराण्याने सूर्यमंदिरे बांधली एवढे पुढच्या लोकांना आठवत होते, त्यावर कथा रचली गेली. मिथक चाळणीतून गाळून इतिहास काढता येतो असे मानणाऱ्यांना मी नेहमी हे उदाहरण देतो.

माणूस खरोखर देव झाल्याचे उदाहरण हवे असेल तर ते राजा नसलेल्याचे आहे. इम्होटेप हा पायऱ्यांचा पिरॅमिड बांधवणाऱ्या जोसेर राजाचा अधिकारी. १९२६ साली सक्काराला जोसेरच्या पुतळ्याची बैठक मिळाली, तिच्यावर इम्होटेपचे नाव आणि पदव्या आहेत. तेव्हा तो खरा. पुढे दोन हजार वर्षांत तो ज्ञानी, मग प्ताह देवाचा मुलगा, मग रोग बरे करणारा देव झाला आणि ग्रीकांनी त्याला आपला वैद्यदेव आस्क्लेपियस मानले. ‘जगातला पहिला वैद्य’ म्हणून तो सगळीकडे फिरतो, पण त्याच्या हयातीतल्या एकाही लेखात वैद्यकाचा उल्लेख नाही. जोसेरच्या काळातल्या सात वर्षांच्या दुष्काळाची जी शिळा सेहेल बेटावर आहे, तीही फार पुढच्या, टॉलेमी या ग्रीक राजांच्या काळातली. ती वाचली की कळते, ख्नूम देवाच्या पुजाऱ्यांना जमिनीचे उत्पन्न हवे होते आणि अडीच हजार वर्षांपूर्वीच्या राजाच्या नावाने सनद तयार केली होती.

एक इशारा उलट बाजूने. देव बाजूला काढले की उरलेले आकडे खरे, असेही नाही. गिझाचा मोठा पिरॅमिड बांधवणाऱ्या खुफूने किती वर्षे राज्य केले? हेरोडोटस म्हणतो ५०, मॅनेथो ६३, तूरीनच्या यादीत त्याच्या जागी २३. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पियेर तालेच्या पथकाला पपायरस मिळाले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. सुमारे ४० जणांची टोळी घेऊन तो तुराच्या खाणीतून चुनखडीचे दगड बोटीने गिझाला नेत होता. त्या कागदांवरची तारीख खुफूच्या साधारण २६-२७ व्या वर्षात पडते. म्हणजे बखरकारांचे दोन्ही आकडे फुगलेले आणि मला आवडणाऱ्या यादीचा आकडा कमी. आणि चाबकाखाली राबणाऱ्या एक लाख माणसांच्या जागी दगड, बोटी, भाकरी आणि पाळ्या यांचा हिशेब मिळाला.

देवांच्या राज्यवर्षांची बेरीज करून इजिप्तची संस्कृती तीस-पस्तीस हजार वर्षांची ठरवणारे व्हिडिओ पाहून काहीजण विचारतात, त्यांच्यासाठी: ही बेरीज नवी नाही. चौथ्या शतकातल्या युसेबियस या ख्रिस्ती बिशपला मॅनेथोची हजारो वर्षे बायबलच्या कालगणनेत बसेनात, तेव्हा ती वर्षे म्हणजे महिने होते असे सांगून त्याने ती आटोक्यात आणली. एकाने फुगवायचे, दुसऱ्याने दाबायचे. आकडा दोघांनीही खराच धरला. पहिल्या घराण्याच्या कबरींतल्या वस्तूंचे कार्बनमापन त्याचा आरंभ इ.स.पू. ३१०० च्या आसपास दाखवते.

राहिला शेवटचा भाग, राजा स्वतःला देव म्हणवतो त्याचे काय. इजिप्शियन माणसाला राजपद दैवी वाटे, पण गादीवर बसलेला गृहस्थ मर्त्य आहे हे त्याला पुरते ठाऊक होते. रामसेस तिसरा देवच होता, पण त्याच्या २९ व्या वर्षी शिधा थकला म्हणून राजकबरी खोदणाऱ्या देइर अल-मदीनाच्या कारागिरांनी काम थांबवले आणि देवळाबाहेर ठिय्या दिला. त्याची नोंद पपायरसवर आहे. त्याच राजाविरुद्ध जनानखान्यात कट झाला. खटल्याच्या कागदात आरोपी, साक्षी, शिक्षा सगळे आहे, फक्त राजाचे काय झाले ते नाही. तिथे राजा जणू आधीच देवांत जाऊन बसलेला आहे आणि तिथूनच न्यायाधीशांना हुकूम देतो आहे. २०१२ साली त्याच्या ममीचे सीटी स्कॅन प्रसिद्ध झाले. गळा पार मणक्यापर्यंत चिरलेला होता.